डावीकडे कमी वळणारी गाडी

गाडी चार बोटं उंच झाली, त्या दिवशी दिराला स्वर्ग दोनच बोटं उरला होता. गॅरेजच्या दारात कमरेवर हात ठेवून तो उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून, वाकायला लावून, गाडीच्या पोटाखालून पलीकडचं दिसतं का ते विचारत होता. पलीकडे एका दुकानाचं बंद शटर होतं. तरी लोक वाकत होते, शटर बघत होते आणि "वा" म्हणत होते.

"घ्या वहिनी," दीर म्हणाला. "आता दगड खालून आणि तुम्ही वरून. एकमेकांचं तोंड बघायला नको."

वहिनींनी गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडून रोजच्या सवयीने पाय टाकला, तो हवेत. पायरीही चार बोटं वर गेली होती, हे पायाला कुणी कळवलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्या चढल्या, बसल्या आणि समोर बघून म्हणाल्या, "भाऊजी, स्टिअरिंग वाकडं आहे."

"कुठे?"

"माझ्या हातात."

चाकं सरळ होती, पण स्टिअरिंग डावीकडे मान टाकून बसलं होतं. "एवढंच ना?" म्हणत दिराने हॉर्नची टोपी काढली, मधला नट सोडवला, स्टिअरिंग उपसून बाहेर काढलं, सरळ करून परत बसवलं आणि नट आवळला. चहा निवायच्या आत काम झालं. "घ्या. नाकासमोर."

ही त्या घराण्याची पद्धत होती. गॅरेज सासऱ्यांनी काढलेलं. गिऱ्हाईक गाडीत बसलं की पहिल्यांदा काय बघतं, असं ते दोन्ही मुलांना विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे: स्टिअरिंग. ते सरळ दिसलं की उरलेली गाडी त्याला सरळच वाटते. या एका विचारावर दोन पिढ्यांची गिऱ्हाइकं समाधानाने घरी गेली होती.

वहिनी त्या खरं तर एकट्या दिराच्या. पण तो दिवसभर त्यांना ज्या आवाजात हाका मारायचा, त्याने अख्ख्या रस्त्याच्याच त्या वहिनी होऊन बसल्या. नातवंडं खेळवणारे म्हातारेसुद्धा त्यांना वहिनी म्हणत. त्यांचं मूळ नाव आता फक्त लायसन्सवर उरलं होतं, आणि तिथला फोटो बघता तेही त्यांचंच असेल असं पटत नसे.

गाडी आधी नवऱ्याची. आठवड्यातून तीन दिवस ती खालच्या गावातून वरच्या वस्तीवर जायची: गॅस सिलिंडर, पिठाची पोती, औषधं, टपाल, लसींचा थंड डबा मांडीवर घेतलेली सिस्टर, आणि ज्यांचे गुडघे आता पायवाटेशी बोलत नव्हते अशी चारदोन माणसं. मग एक सिलिंडर उचलताना नवऱ्याची कंबर गेली. "पंधरा दिवस तू बघ," तो म्हणाला. ते पंधरा दिवस अजून संपले नव्हते. तो गॅरेजच्या मागच्या खोलीत खिडकीला लावलेल्या खाटेवर आडवा असायचा आणि नुसत्या आवाजावरून गाड्यांचे रोग सांगायचा. बहुतेक वेळा निदान चुकायचं, पण सांगताना आवाजात कधी शंका नसायची.

लायसन्सच्या परीक्षेला वहिनी गेल्या तेव्हा परीक्षकाने विचारलं होतं, "घरात पुरुषमाणूस नाही का?"

"आहेत की दोन," वहिनी म्हणाल्या होत्या. "दोघंही पहिल्या खेपेला नापास झाले. म्हणून या वेळी मला पाठवलंय."

त्या पास झाल्या. परीक्षकाने नंतर दुसऱ्या ठिकाणी बदली मागून घेतली असं दीर सांगतो, पण दिराच्या सांगण्यातून चार आणे वजा करायची घरात पद्धत आहे.

गेल्या वर्षी वरच्या रस्त्याचा उतार ढासळला आणि डांबर दरीत गेलं. ज्यांचा रस्ता होता त्यांनी येऊन 'काम चालू आहे' अशी पाटी रोवली, त्या पाटीसमोर उभं राहून फोटो काढला आणि ते निघून गेले. पाटी गंजली. तिच्यापलीकडे दगडच दगड. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर एकदा फाटलं, जोडून आणलं, आणि त्याच दगडावर पुन्हा फाटलं. मग पुरवठा कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. रस्ता वाहनाला योग्य आहे की नाही ते स्वतः येऊन बघणार होते. नसेल, तर फेरी बंद. सामान खाली फाट्यावर उतरवायचं, वस्तीवाल्यांनी उतरून यायचं आणि आपापलं पाठीवर न्यायचं. लस टोचायची असेल तर पोरंही तशीच आणायची.

"तुमच्याच काळजीपोटी हो, ताई," साहेब म्हणाले होते. "या वयात कशाला जिवावर उदार होता?"

वहिनींनी फोन ठेवला आणि दिराला सांगितलं, "गाडी उचला."

तर अशी ती उचललेली. स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातलेले, टायर मोठे, आणि हादरे झेलणारे जुने शॉकअप आता तोकडे पडणार म्हणून एका छोट्या ट्रकचे लांब आणि जाडजूड शॉकअप चढवलेले. दुसऱ्या दिवशी वहिनी ती घेऊन वर निघाल्या आणि फाट्याच्या पुढे पोचायच्या आतच त्यांना कळलं की दगडांचा प्रश्न सुटलाय आणि बाकी सगळे नव्याने सुरू झालेत.

खड्डा चाकाला लागायचा आणि मार हाताला बसायचा. पुढचं चाक जरा वर उचललं गेलं की स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढ घ्यायचं. चाक खाली आलं की दुसऱ्या. वहिनी सरळ जायचं ठरवत होत्या, गाडी त्यावर आपलं मत नोंदवत होती. तरीही त्या कोपरापर्यंत पोचल्या. कोपर म्हणजे चढावरचं डावीकडचं वळण, दुमडलेल्या हातासारखं. बाहेरच्या बाजूला पाण्याने खणलेली चर आणि चरीपलीकडे नुसतं आभाळ. इतकी वर्षं वहिनी तिथे एका दमात वळत आल्या होत्या. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवत नेलं आणि ते मध्येच संपलं. खालून 'खट्' असा आवाज आला. गाडीचं नाक आभाळाकडे राहिलं.

मागून सिस्टर म्हणाली, "वहिनी, हे आधी नव्हतं."

"गाडी आधी एवढी उंच नव्हती."

"मग उंचीची भीती तिला वाटतेय की मला?"

"तुम्ही डबा धरा," वहिनी म्हणाल्या आणि मागे घेतली. मागे घ्यायला जागा जेमतेम एका चाकाची होती. पुढे, मागे, पुन्हा पुढे करत त्या निघाल्या. वर पोचल्यावर सिस्टर उतरून थोडा वेळ नुसतीच जमिनीवर उभी राहिली.

संध्याकाळी दिराने गाडी गल्लीत फिरवली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, खिडकीतून डोकं बाहेर काढून कान लावला. "कुठे आहे खट्?"

"इथे नाही. वर आहे."

"आवाज गाडीत असतो वहिनी, डोंगरात नसतो."

खाटेवरून नवरा म्हणाला, "सांध्यातला बुश गेलाय."

"नवा आहे दादा. परवाच घातलाय."

"नवाच जातो."

एका आठवड्यात तीन खेपा झाल्या आणि कोपरावर तीनदा नाक आभाळात राहिलं. तिसऱ्या खेपेनंतर दिराने हात पुसले, स्टुल ओढून तो वहिनींच्या समोर बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "उंची काढून टाकतो. जशी होती तशी करतो."

"जशी होती तशी ती जात नव्हती. म्हणून तर वर केली."

"मग जाऊ द्या ना तो रस्ता! साहेब म्हणतायत बंद, तर बंद. येतील लोक खाली. पाय आहेत त्यांना."

वहिनींनी मागच्या खोलीकडे मान वळवली. "पाय ह्यांनाही आहेत."

खाटेवरून आवाज आला, "मी म्हणतो, तूही आता जरा घरी बस. किती धावशील?"

वहिनींना घरी बसण्याचं वावडं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी त्या दुपारभर बसत. घरी बसवलं जाण्याचं मात्र होतं, आणि आता एकाच वेळी साहेब, दीर आणि नवरा अशी तीन माणसं त्यांना बसवायला निघाली होती. सगळी काळजीपोटी.

"अहो, बसते," त्या म्हणाल्या. "बसूनच चालवते मी. उभ्याने कुणी चालवत नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर दीर पंख्याखाली लवंडला होता, तेव्हा वहिनी अंगणात गाडीत जाऊन बसल्या. पुसायच्या कापडाची एक पट्टी फाडून त्यांनी स्टिअरिंगच्या माथ्यावर बांधली आणि डावीकडे फिरवायला लागल्या. पट्टी एक फेरा मारून वर आली आणि लगेच थांबली. मग उजवीकडे. पट्टी एक फेरा मारून वर आली, निघून गेली, आणि दुसरा फेरा पुरा व्हायच्या बेतात थांबली. त्यांनी पुन्हा केलं. पट्टीने पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी हॉर्न दाबला तो सोडला नाही.

दीर डोळे चोळत बाहेर आला. "काय झालं?"

"डावीकडे लवकर संपतंय. उजवीकडे संपता संपत नाही."

"दिसायला तर सरळ आहे."

"दिसायला तुम्हीही सरळ आहात."

दिराने पट्टी बघितली, स्वतः फिरवून बघितलं, आणि मग तो गाडीखाली सरपटला. त्याचे दोन बूट तेवढे बाहेर राहिले. बराच वेळ बूट हलले नाहीत. दीर काही अडाणी मेकॅनिक नव्हता. आपण काय केलं ते त्याला कळलं होतं, आणि कळलेलं बाहेर घेऊन यायला त्याला वेळ लागत होता.

"दांडा," बूट म्हणाले.

"काय दांडा?"

"स्टिअरिंगचा बॉक्स बॉडीबरोबर वर गेला. चाकं खालीच राहिली. दोघांना जोडणारा दांडा आधी आडवा होता, आता तिरका झालाय. आडवा होता तेव्हा पुरत होता, तिरका झाल्यावर तोकडा पडतोय. म्हणून स्टिअरिंग वाकडं आलं होतं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

बूट आणखी आत सरकले.

"स्टिअरिंग सरळ केलंत," वहिनी म्हणाल्या. "गाडी वाकडीच ठेवलीत."

"बाबा तसंच करायचे," गाडीखालून बारीक आवाज आला.

सासऱ्यांविषयी वहिनींच्या मनात माया होती. त्या गाडी शिकत होत्या तेव्हा एकट्या सासऱ्यांनीच शेजारी बसायची हिंमत केली होती. "ते करायचे तेव्हा वाकडं म्हणजे केसभर वाकडं," त्या म्हणाल्या. "त्यांनी गाड्या उचलल्या नव्हत्या. या बाहेर. आणि तो नट सोडवा, माझ्यासमोर."

स्टिअरिंग पुन्हा उपसलं गेलं. या वेळी आधी बॉक्स अगदी मध्यावर आणला, मग दांड्याच्या टोकाचे आटे सोडवून दांडा लांबवत लांबवत चाकं सरळ केली, आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंग चढवलं. पट्टी आता दोन्हीकडे सारखीच जायला लागली. दांड्याचा तिरकेपणा उरलाच होता, आणि खड्ड्याचा मार हाताला बसत होता तो त्यामुळेच. त्याच्यावर उपाय म्हणून दिराने भंगारवाल्याकडून एक खाली वाकलेला ड्रॉप आर्म शोधून आणला. बॉक्समधून जो हात निघून दांडा ढकलतो, तो हा. तो वाकडा असल्यामुळे दांड्याचं वरचं टोक खाली आलं आणि दांडा पुन्हा जवळजवळ आडवा झाला. भंगारवाल्याने विचारलं, वाकडाच कशाला पाहिजे? दीर म्हणाला, घरात सरळ माणसं फार झाली आहेत.

राहता राहिलं 'खट्'. ते गॅरेजात येत नव्हतं म्हणून दिराच्या मते ते नव्हतंच. गॅरेजची जमीन सासऱ्यांनी पाणसळ लावून करून घेतलेली, तिच्यावर गोटी ठेवली तर हलत नसे. गाड्या तपासायच्या त्या तिथेच, चारही चाकं टेकवून.

"इथे उभी करून काय कळणार?" वहिनी म्हणाल्या. "इथे तर तुम्हीसुद्धा नीट उभे राहता."

आणि त्यांनी गाडी चालू करून डावं चाक सरळ गॅरेजला लागून असलेल्या घराच्या दगडी पायऱ्यांवर चढवलं. एक पायरी, दोन पायऱ्या. आतून नवरा ओरडला, "अगं, घरात कुठे येतेस गाडी घेऊन?" गाडी तिरकी झाली, उजवं पुढचं चाक चरीत उतरावं तसं खाली लोंबलं. "जा भाऊजी खाली," वहिनी म्हणाल्या आणि स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत नेलं.

खट्.

"ऐकलंत?"

"वहिनी, परत करा," खालून दीर म्हणाला.

खट्.

"आहे," दीर म्हणाला. चाक लोंबलं की तो ट्रकचा जाड शॉकअप तिरका होत होता, आणि त्याच वेळी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की दांड्याच्या सांध्याचा गोळा नेमका त्याच्या पोटात बसत होता. पोटावर नखाएवढी जागा घासून चकचकीत झाली होती. कोपरावर वळण तिथेच अडत होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर शॉकअप फुटला असता. किंवा सांधा निसटला असता, आणि मग साहेबांना तपासणीला यायची गरजच उरली नसती.

दीर उत्साहाने बाहेर आला. "उलटा लावतो! पोट वर, काडी खाली. काडी बारीक असते, दांडा लागणारच नाही."

खाटेवरून आवाज आला, "उलटा लावलास तर मरेल तो. आतलं तेल वर, हवा खाली."

"दादा, तुम्ही बुश बघा."

त्याने उलटा लावला. दांडा लागला नाही. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि प्रत्येक उंचवट्यावर खाटेच्या स्प्रिंगवर पोर नाचावं तशी नाचत परत आली. दिराने शॉकअप काढला आणि सुलटा केला. नवऱ्याने त्या संध्याकाळी दुसरा चहा मागितला, तोही साखर जास्त घालून, आणि घरात कुणी नाही म्हटलं नाही.

शेवटी जे केलं त्यात चमत्कार काहीच नव्हता, मेहनत होती. शॉकअपची खालची खुंटी दांड्याच्या वाटेतून मागे आणि बाहेर हलवायची होती. त्यासाठी जाड पत्र्याची नवी प्लेट कापली, भोकं पाडली, बसवली. खालचं हललं म्हणून वरचं टोकही हलवावं लागलं. ते वेल्डिंग करून घेतलं. मग पुन्हा पायऱ्या. आधी उजवं चाक लोंबवून, मग डावं. चाक पूर्ण खाली असताना शॉकअपला थोडी लांबी शिल्लक उरते का ते बघितलं, नाहीतर गाडीचं सगळं वजन तोच पेलत बसायचा. चाक पूर्ण वर दाबलेलं असताना तो आतून आपटतो का. आपटत होता, मग वर रबराचा ठोकळा वाढवला. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात का. जात होत्या, त्या लांब केल्या. दीर प्रत्येक वेळी म्हणायचा, "आता झालं," आणि वहिनी प्रत्येक वेळी गाडी पायऱ्यांवर चढवायच्या. खालच्या पायरीचा एक कोपरा उडाला. नवऱ्याने तो आवाजावरून ओळखला. या कामातलं त्याचं हे दुसरं बरोबर निदान.

साहेब ठरल्या दिवशी सकाळी आले. सभ्य माणूस. ओरडणारा असता तर वहिनींना सोपं गेलं असतं. बूट नवे होते, हातात एक पातळ फाइल होती, आणि आतल्या कागदावर 'सदर रस्ता वाहतुकीस योग्य नाही' हे टाइप करूनच आणलेलं होतं. फक्त सही राहिली होती.

"वेळ वाचावा म्हणून," साहेब म्हणाले. "म्हटलं तर मी इथेच सही करतो. तुमचीही दगदग नको."

"सही वर करा," वहिनी म्हणाल्या. "वर हवा चांगली आहे."

साहेब पुढे बसले, चढताना दोनदा घसरून. मागे डबा घेतलेली सिस्टर, सिलिंडर, पोती आणि पाना हातात धरलेला दीर. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "माझं काम आहे, मी बघणार," असं म्हणून तो पोत्यावर जाऊन बसला होता.

गंजलेल्या पाटीपलीकडे दगड सुरू झाले. चाकं वर गेली, खाली आली, स्टिअरिंग वहिनींच्या हातात निमूट राहिलं. चेंबर फाडणारा तो जुना दगड गाडीखालून निघून गेला. साहेब सुरुवातीला बोलत होते. इतर ठिकाणच्या रस्त्यांविषयी, एकूण धोरणाविषयी. मग वाक्यं आखूड होत गेली, आणि कोपर दिसल्यावर ती थांबलीच.

"इथून मागे फिरू या," साहेब म्हणाले. "मी बघितलं. पुरे."

"इथे मागे फिरायला जागा नाही. पुढेच फिरता येतं."

"ताई, मी सांगतोय ना—"

"धरून बसा."

त्यांनी गाडी वळणात घातली. उजवं चाक चरीत उतरलं, गाडी आभाळाकडे कलली, साहेबांनी फाइल पोटाशी धरून डोळे मिटले. वहिनींनी स्टिअरिंग डावीकडे नेलं. ते जात राहिलं. आधी जिथे संपायचं तिथून पुढे गेलं, आणि गाडीचं नाक आभाळावरून डोंगरावर आणि डोंगरावरून रस्त्यावर आलं. न होणारा आवाज ऐकण्यासाठी दीर मागे इतका वाकला होता की त्याचं डोकं सिस्टरच्या डब्यावर आपटलं. आवाज झाला तो तेवढाच.

"एका दमात," सिस्टर म्हणाली.

वहिनींनी दुसरा गिअर टाकला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण पुढच्या सरळ पट्ट्यावर त्यांनी गरज नसताना दोनदा हॉर्न वाजवला.

वरच्या वस्तीवर माणसं वाट बघत उभी होती. सिलिंडर उतरले, पोती उतरली, सिस्टर डबा घेऊन ओसरीवर गेली, तिच्यामागे पोरं कडेवर घेतलेल्या बाया गेल्या. साहेब उतरले, त्यांनी बूट झटकले, पाणी प्यायले, आणि रंग परत आल्यावर फाइल उघडली.

"तुमचं कौतुक आहे," ते म्हणाले. "मनापासून सांगतो. पण ही गाडी मूळची तशी राहिलेली नाही. खास उचललेली आहे. खास गाडी एकदा वर आली म्हणून रस्ता योग्य ठरत नाही. नियमाने बघायचं तर गाडी इथे येऊ शकत नाही, असंच मला लिहावं लागेल."

दीर पाना घेऊन पुढे झाला. वहिनींनी त्याला हाताने मागे केलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "नियमाने लिहा."

साहेबांना हे इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं.

वहिनींनी गाडीची किल्ली काढली आणि मुठीत धरली. "म्हणजे गाडी इथे येऊ शकत नाही."

"नियमाने, नाही."

"मग ती इथे नाही."

"म्हणजे?"

"येऊच शकत नाही तर असेल कशी? आणि नसलेल्या गाडीतून मी तुम्हाला खाली कशी नेणार? उद्या कुणी विचारलं, साहेब कशात बसून उतरले, तर तुमच्याच कागदाच्या विरुद्ध जायचं. मला नाही जमायचं ते. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. काळजीपोटी सांगते."

जवळ उभी असलेली एक म्हातारी पुढे आली. तिला भांडण कळलं नव्हतं, पण माणसाला चालत उतरायचंय एवढं कळलं होतं. "पायवाट तिकडून आहे बाबा," ती जिव्हाळ्याने म्हणाली. "चांगली आहे. मधे ओढा लागतो, तिथे हे बूट काढून हातात घे. गुडघे धड असले तर अंधाराच्या आत पोचशील."

साहेबांनी पायवाटेकडे बघितलं. ती झुडपांत शिरून एकदम खाली नाहीशी होत होती. मग त्यांनी बुटांकडे बघितलं.

"तुम्ही मला अडवताय," ते म्हणाले.

"छे. रस्ता मोकळा आहे. तुम्हीच तो बंद करताय."

ओसरीवर पहिल्या पोराला सुई लागली आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, गाडीच्या बोनेटवर कागद ठेवला. टाइप केलेल्या ओळीवर त्यांनी एक रेघ मारली, आधी फिकट, मग ठळक. तिच्याखाली हाताने लिहिलं की आज स्वतः प्रवास करून पाहिला, वाहन वस्तीपर्यंत भरल्या सामानासह पोचते, फेरी चालू ठेवण्यास हरकत नाही. सही केली. वहिनींनी ते सावकाश वाचलं, मग दिराला वाचायला दिलं. दिराने ते मोठ्याने वाचलं, वस्तीवाल्यांना ऐकू जाईल अशा बेताने, 'भरल्या सामानासह' हे दोनदा.

"झालं ना?" साहेब दाराशी गेले. "निघू या?"

"आताच?" वहिनी म्हणाल्या. "फेरी चालू आहे म्हणून लिहिलंत ना? मग गाडी रोज जेवढी थांबते तेवढी थांबणार. सगळ्या पोरांना टोचून होऊ दे. परतीचं टपाल यायचंय. एका आजींना दवाखान्यात न्यायचंय, त्या अजून वेणी घालतायत. तुम्ही बसा तिथे कट्ट्यावर. सावली आहे."

साहेब क्षणभर दाराला हात लावून उभे राहिले. मग कट्ट्यापर्यंत चालत गेले आणि बसले.